दोनवर आणि चारवर

आमच्या बँडचं नाव सांगण्यात काही हशील नाही. नाव होतं, पण पोस्टरवर ते कधी आलंच नाही. गणेश मंडळं ‘भव्य ऑर्केस्ट्रा’ छापायची, नागापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गॅदरिंगला ‘सुरेल संगीत संध्या’ असायची, आणि भिंगार कॅम्पातल्या मेसमध्ये फळ्यावर खडूने ‘लाइव्ह बँड’ एवढंच. ज्याची सुपारी त्याचं बारसं. मी बेस गिटार वाजवायचो. बेसवाल्याची ओळख करून द्यायला निवेदकही हमखास विसरतो, त्यामुळे बिननावाने वाजवायची सवय मला इतरांपेक्षा लवकर लागली.

आम्ही सगळे नगरच्या सावेडीचे, नाहीतर तिथून सायकलच्या टप्प्यात राहणारे. १९८८ च्या सुमाराची सावेडी म्हणजे निम्मं उपनगर आणि निम्मी शेतं. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड या बाजूला बंगले उठत होते. पाइपलाइन रोडवर दिवेलागणीनंतर चिटपाखरू नसायचं. तालमीला हे फार सोयीचं. शेजारीच नाहीत तर तक्रार कोण करणार? एका मित्राच्या घराचा स्लॅब पडला होता पण दारं-खिडक्या बसायच्या होत्या. त्या सांगाड्यात आम्ही वाजवायचो. आवाज घुमायचा, आणि आम्हाला वाटायचं की आपलं वाजवणंच भरदार आहे.

वाजवायचं काय, हे मात्र पहिल्यापासून पक्कं होतं. गावात ऑर्केस्ट्रे होतेच, पण ते त्या त्या वर्षीची गाणी वाजवायचे. आम्हाला वाजवायची होती पन्नास-साठच्या दशकांतली उडती गाणी. ज्यांच्या पोटात रॉक अँड रोल आहे ती. लोक म्हणायचे, नगरसारख्या गावात हे खूळ कुठून आलं? त्यावर माझं उत्तर आजही तेच आहे: खूळ बाहेरून आलेलं नाही, ते जिल्ह्यातलंच आहे.

पुणतांबे लोकांना माहीत असतं ते चांगदेवांच्या समाधीमुळे, किंवा २०१७ च्या शेतकरी संपामुळे. त्याच पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ ला रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, आणि जवळच्यांसाठी अण्णा. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची चाल यांची, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. पण बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ साली ध्वनिमुद्रित झालं, पुढच्या वर्षी एका सिनेमामुळे जगभर गाजलं, आणि १९५७ साली ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ आलं, हे कुणी जोडून सांगत नाही. अमेरिकेतला तो सगळा गोंधळ दोन-तीन वर्षांत मुंबईच्या स्टुडिओत पोचला आणि तिथे त्याला मराठी माणसाने अस्सल देशी करून टाकलं. त्याआधीही अण्णांनी हेच केलं होतं. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ लॅटिन अमेरिकन चालीवरून आलं. १९५१ च्या ‘अलबेला’त बोंगो आणि ब्रास असे वाजलेत की भगवानदादांचे पाय आपोआप हलावेत. अण्णांबरोबर काम करणारा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट हा गोव्याचा, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे चाल नगर जिल्ह्याची, ट्रम्पेट गोव्याचं, नाचणारा मुंबईच्या गिरणगावात वाढलेला. आम्ही सावेडीत बसून वाजवलं तर बिघडलं कुठे?

१९५७ साल मला नेहमी मजेशीर वाटत आलंय. त्या वेळचे माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर, हेही मराठीच. सिनेमाची गाणी उथळ म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली होती. लोक मुकाट्याने सुई फिरवून रेडिओ सिलोन लावायचे. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. एक मराठी माणूस दार लावतोय आणि दुसरा त्याच वर्षी खिडकीतून ‘ईना मीना डीका’ आत टाकतोय.

आता माणसं. लीड गिटारवाला चर्चमधला. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे, रेव्हरंड टिळकांची भक्तिगीतं इथल्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, आणि क्वायरमध्ये चार वेगवेगळ्या आवाजांत गायची शिस्त लहानपणापासून लागते. त्यामुळे कॉर्ड म्हणजे काय हे आमच्यात फक्त त्याला कळायचं; आम्ही बाकीचे एका वेळी एकच सूर ऐकणारे. ट्रम्पेटवाले हवालदारसाहेब लष्करी बँडमधून निवृत्त झालेले. समोर स्टाफ नोटेशन असेल तर ते झोपेतही वाजवतील, नसेल तर हात बांधून उभे. सॅक्सोफोनवाले काका लग्नाच्या बँड पार्टीतले. त्यांना कागद लागायचाच नाही. गाणं एकदा ऐकलं की सॅक्समधून यायचं, वर आपल्या पदरची एखादी हरकत. गायला शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आणि बँकेतला एक जण. ‘ईना मीना’ आशाबाईंनीही गायलंय आणि किशोरकुमारनेही, त्यामुळे दोघांतल्या एकाची दर कार्यक्रमाला चिठ्ठी टाकून निवड व्हायची. ताई जिंकल्या की बँकवाला तोंड पाडून ‘तिसरी मंझिल’ची तयारी करायचा.

आणि ड्रमर. हा मूळचा तबल्याचा, गांधर्वच्या परीक्षा दिलेला. त्याला ड्रमवर आणायला आम्हाला फार मनधरणी करावी लागली. पण एकदा बसल्यावर त्याने जे केलं त्यातून मी ताल शिकलो. रॉक अँड रोलमध्ये चार ठोक्यांचा फेरा असतो आणि स्नेअरचा फटका दुसऱ्यावर आणि चौथ्यावर पडतो. तो म्हणाला, ‘मला दोन-चार सांगू नका. केरव्याच्या आठ मात्रा धरा. समेवर आणि खालीवर आपण काहीच करायचं नाही, तिसरीवर आणि सातवीवर मारायचं.’ झोलही त्याने असाच उलगडला. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करायचे, मधला गिळायचा, पहिला आणि तिसरा वाजवायचा. गाणं लगेच डुलायला लागतं. मधला भाग गिळला नाही तर तेच गाणं लेझीम होतं. त्याखाली मला चालता बेस वाजवायचा असायचा: पायरीपायरीने चार सूर वर, चार सूर खाली, मध्ये कुठेही थांबायचं नाही. ऐकणाऱ्याला हे सूर वेगळे कळत नाहीत. बेस बंद पडला तरच कळतं की काहीतरी गेलं.

गाणी बसवणं म्हणजे कॅसेटशी कुस्ती. टू-इन-वनवर चार सेकंद ऐकायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, परत ऐकायचं. एकेका पीससाठी संध्याकाळ जायची. शिवाय कॅसेट कुठल्या वेगाने भरलेली असेल याचा नेम नसायचा. ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ आमच्या कॅसेटवर धड काळी एक नाही आणि धड पांढरी दोनही नाही, असं मधेच कुठेतरी होतं. सगळी वाद्यं त्या अधांतरी पट्टीला लावून आम्ही ते बसवलं आणि अकॉर्डियन आल्यावर सगळं मुसळ केरात, कारण अकॉर्डियनला काही पिळून वर चढवता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी उतरली की मोहम्मद रफीही थकल्यासारखे गायचे.

ऑर्केस्ट्राच्या धंद्यात ‘पीस’ला फार मान. मुखडा-अंतरा लोक गुणगुणतातच, पण त्यांच्या डोक्यात मधलं संगीतही जसंच्या तसं असतं. तुमच्या सॅक्सने दोन सूर इकडचे तिकडे केले की तिसऱ्या रांगेतला माणूस शेजाऱ्याकडे बघतो. यावरून आम्हाला कुणीकुणी ‘नक्कलवाले’ म्हणायचं, आणि त्याचा राग यायच्या वयात होतो तोवर आला. माझं मत असं की नक्कल वाईट नाही, वाईट नक्कल वाईट. दुसऱ्याने वाजवलेला एक सूर नेमका तसाच का वाजवलाय, हे कळायला जो कान लागतो तो स्वतःची धून रचणाऱ्या कित्येकांकडे नसतो. ‘तिसरी मंझिल’च्या गाण्यांत १९६६ साली पंचमने गिटार आणि ड्रम कुठे गप्प ठेवलेत, हे मी बेस वाजवताना ऐकलं; घरी रेडिओवर ऐकताना ते कधी लक्षात आलं नव्हतं.

आता टाळीची गोष्ट. नगरचा प्रेक्षक टाळी देतो ती एकवर आणि तीनवर. साहजिक आहे. घरात आरती, देवळात भजन, सप्त्यात टाळ. हाताला सम कळते. आम्ही मारतोय दोनवर आणि चारवर. पहिली काही वर्षं ही लढाईच होती. मैदानभर लोक उत्साहाने टाळ्या वाजवताहेत, आणि त्या उत्साहाच्या जोरावर आमचा ड्रमर हळूहळू त्यांच्या बाजूला ओढला जातोय, असं व्हायचं. मधेच एखाद्या अंतऱ्यात स्नेअर एकवर येऊन बसायचा. गाणं तेच, पण त्याची आरती झालेली. निवेदकाने एकदा प्रेक्षकांना शिकवायचा प्रयत्न केला, ‘आता इथे नाही, इथे टाळी द्या.’ लोकांनी दोन फेऱ्या ऐकलं. तिसऱ्याला पुन्हा एकवर.

मेसमध्ये उलटं. नगर हे रणगाड्यांचं गाव. चिलखती दळाचं केंद्र स्वातंत्र्यानंतर लगेच इथे आलं, १९७९ साली मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीची रेजिमेंट इथेच उभी राहिली. देशभरचे अधिकारी आणि त्यांची कुटुंबं कॅम्पात असतात. हवालदारसाहेबांच्या ओळखीने तिथे आमची वर्णी लागली. ३१ डिसेंबरला तर लागायचीच. तिथे टाळी बरोबर दोनवर आणि चारवर पडायची. पाऊल पडायचं, स्कर्ट-साड्या गिरक्या घ्यायच्या, आणि एल्विस, क्लिफ रिचर्ड यांच्या फर्माइशी यायच्या. क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा, हे मला एका निवृत्त कर्नलनी प्लेट हातात धरून सांगितलं, आणि जणू स्वतःच्याच मामेभावाबद्दल सांगावं अशा अभिमानाने सांगितलं. इंग्रजी गाणी आम्हाला मोजकी यायची. ती संपली की आम्ही ‘ईना मीना डीका’ काढायचो, आणि मजा ही, की मेसमध्येही सगळ्यात जास्त जोड्या त्यावरच उठायच्या.

बरीच वर्षं मला वाटायचं की मेसचा प्रेक्षक जाणता आणि गावातला अडाणी. हा माझा गैरसमज सॅक्सवाल्या काकांनी घालवला. सावेडीतल्याच एका मंडळाचा कार्यक्रम, मध्यंतरात आम्ही स्टेजमागे चहा घेतोय, ड्रमर वैतागलेला. काका म्हणाले, ‘अरे, तू त्यांच्या टाळीशी भांडतोस कशाला? ते एकवर मारताहेत ना? मारू देत. तू दोनवर मार. मधली जागा रिकामीच आहे की.’ आयुष्यभर वरातीपुढे वाजवलेला माणूस. वरातीतला नाचणारा कुठेही पाय टाकतो आणि बँडने थांबायचं नसतं. मध्यंतरानंतर ड्रमरने तसं केलं. टाळीच्या वाटेला गेलाच नाही, फक्त मधल्या रिकाम्या जागा भरत गेला. मैदानावरच्या शेकडो हातांची सम आणि आमचा स्नेअर, दोन्ही मिळून एक पूर्ण चाक फिरायला लागलं. इतका दणदणीत ताल आम्ही मेसमध्ये कधी वाजवला नव्हता, कारण तिथे सगळे एकाच ठोक्यावर असायचे आणि दुसरी बाजू पोकळ राहायची. पुढे मेसच्या कार्यक्रमात त्या टाळीविना मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मराठीत रॉक म्हटलं की नंदू भेंडे आठवायला हवेत. आत्माराम भेंड्यांचा मुलगा. मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास झाला, आणि १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त त्याच गळ्याने मराठी रंगभूमी हलवली. पुलंचं रूपांतर, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. आमच्या बँकवाल्याच्या तालमीच्या वहीत नंदूचा कात्रणातला फोटो चिकटवलेला होता. २०१४ साली नंदू भेंडे गेले तेव्हा त्याने मला फोन केला आणि आम्ही दोघं बराच वेळ भलत्याच गोष्टींवर बोललो.

बँडची उतरण कुणा एकामुळे नाही झाली. आधी कीबोर्डवाल्या पोराने अकॉर्डियन, ट्रम्पेट आणि सॅक्स तिन्ही एका पेटीत आणले. सुपारी देणारा माणसं मोजतो. सातऐवजी चार जणांत भागतंय म्हटल्यावर त्याने चारच सांगितले. हवालदारसाहेब आपणहून बाजूला झाले. काका लग्नांत वाजवत राहिले. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरचा आवाज गंभीरपणे घेतला. त्याआधी गणपतीतले ऑर्केस्ट्रे रात्री दीड-दोनपर्यंत चालायचे, लोक जेवूनखाऊन सतरंज्या घेऊन यायचे. आता आरती, सत्कार, पाहुण्यांची भाषणं यांतच नऊ वाजतात आणि आमच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास. नियम योग्यच आहे, माझ्या घरासमोर आता डीजेच्या भिंती येतात तेव्हा तर फारच योग्य वाटतो. पण त्याच नियमाने ऑर्केस्ट्रा मेला आणि डीजे जगला, हेही खरं. डीजेला ‘साऊंड चेक’, ओळख, मध्यंतर लागत नाही. पाऊण तासात तो पाऊण तास वाजतो.

आणखी एक गोष्ट आम्ही कधी हिशेबात धरली नव्हती. ‘जुनं’ एका जागी थांबत नाही. अमेरिकेत १९६९ च्या वुडस्टॉकला शा ना ना नावाचा बँड पन्नासच्या दशकातली गाणी तेव्हाचे कपडे घालून वाजवत होता, आणि त्यांच्यानंतर लगेच जिमी हेंड्रिक्स स्टेजवर आला. म्हणजे जेमतेम दहा-बारा वर्षांत ते संगीत ‘जुनी आठवण’ होऊन बसलं होतं. आम्ही सुरुवात केली तेव्हा १९५७ ला एकतीस वर्षं झाली होती. तेवढीच वर्षं २०२४ मधून वजा केली तर १९९३ येतं. आज गुलमोहर रोडवरच्या हॉटेलात ‘रेट्रो नाइट’ असते तेव्हा तिथे नव्वदच्या दशकातली गाणी लागतात, आणि तेच बरोबर आहे. आम्ही ‘पुनरुज्जीवन’ करत होतो ते नेमकं कुणाच्या तरुणपणाचं? आमच्या नव्हे, आम्ही जन्मलोही नव्हतो. ते समोर बसलेल्या मामा-काकांचं होतं. ते उठून गेले की आम्ही कुणासाठी वाजवायचं?

त्याचं उत्तर सावेडीनेच दिलं, आणि ते मला अजूनही अर्धं हसवतं. इथे आता कॅराओके क्लब आहेत. निवृत्त प्राध्यापक, एलआयसीतले, वीज मंडळातले, त्यांच्या मिसेस, सगळे मोबाइलवर शब्द बघून तयार ट्रॅकवर गातात, एकमेकांना ‘वा सर, वा मॅडम’ करतात. ट्रॅकमध्ये बेसही असतो. मशीनचा, पण नीट चालणारा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोटात कालवलं. नंतर त्यातल्याच काहींनी आम्हाला गाठलं. ट्रॅक थांबत नाही ना. गायक चुकला, श्वास संपला, नातू स्टेजवर चढला, तरी ट्रॅक पुढेच जातो. आम्ही थांबतो, वळसा घालून मुखड्यावर परत येतो. म्हणून साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असले घरगुती सोहळे असले की त्यांना माणसं लागतात. सहस्रचंद्रदर्शन होणारा माणूस आज हिशेब केला तर १९५७ मध्ये शाळेत होता. त्याला बरोबर कळतं काय वाजतंय ते. हल्ली आमचा बँड म्हणजे हाच: लीड गिटार, मी, ड्रमर, आणि त्याचा मुलगा कीबोर्डवर. ताई गुडघ्यांमुळे बसून गातात.

कीबोर्डवरचा हा पोरगा गाणी बसवतो ते बघण्यासारखं असतं. यूट्यूबवर वेग निम्मा करतो, पट्टी मात्र जागची हलत नाही. ज्या पीससाठी आमची अख्खी संध्याकाळ जायची तो हा चहा गार व्हायच्या आत उतरवतो. त्यानेच मला सांगितलं की २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच आपल्या ‘जान पहचान हो’ने होते. मी म्हटलं, तिकडच्या कॅसेटवर कुठल्या पट्टीत आहे बघ.

पुढच्या महिन्यात भिस्तबागच्या बाजूला एका आजींचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मुलीने यादी पाठवलीय. सी. रामचंद्रांची चार, शम्मी कपूरची तीन, एक मराठी भक्तिगीत सुरुवातीला, आणि नातवंडांसाठी ‘हवा हवाई’. इंग्रजी नको म्हणाल्यात, मग रात्री परत फोन करून म्हणाल्या की आजींनाच एल्विसचं एक हवंय, आजोबा कॅम्पात नोकरीला होते. गिटारवाला शब्द शोधतोय. दहाच्या आत आवरायचं, साऊंड त्यांचा, आणि जेवण आधी उरकून घ्यायचं असं ठरलंय, कारण ड्रमरला आता इन्सुलिनमुळे जेवणाची वेळ चुकवता येत नाही.